टाकीतला अजगर सुखात असतो का? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात पत्रांचा सगळा ओघ साप, कासव आणि सरड्यांकडेच होता, त्यामुळे कुत्र्या-मांजरांचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. नावं कोणाचीच छापत नाहीये.

प्रश्न: ताई, मला बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) पाळायचाय. भरपूर वाचन केलंय, घरच्यांनाही पटवलंय. पण माझी एक मैत्रीण म्हणते की तुझी हौस होईल, त्या सापाला काय मिळणार? मी तिला म्हटलं, जंगलात त्याला मुंगूस खातं, घार उचलते, कधी उपाशी राहतो, माझ्याकडे त्याला ऊबदार जागा, वेळेवर खाणं आणि डॉक्टर मिळेल, म्हणजे त्याचा फायदाच की. आमच्यात बरोबर कोण?

उत्तर: मैत्रिणीने अगदी नेमकं विचारलंय, आणि तुझं उत्तर अर्धं बरोबर आहे. शिकारी नाही, उपासमार नाही, जंत झाले तर औषध आहे, हे खरंच आहे, ते मी नाकारणार नाही. पण "जंगलात मेला असता, माझ्याकडे वाचला" हे म्हणताना आधी बघायला हवं की आपण कुठल्या सापाबद्दल बोलतोय. जो टाकीतच जन्मला तो जंगलात कधी नव्हताच, त्याला तू कशातून वाचवलं नाहीस. आणि जो जंगलातून पकडून आणलाय तो तिथे जगत होता, त्याला पकडणं, पिशवीत कोंबणं, विमानाने पाठवणं, गोदामात ठेवणं हे सगळं त्याच्यावर आलं ते त्याला कोणीतरी विकत घेणार होतं म्हणून. २००९ मधे अमेरिकेत टेक्सासमधे अशा प्राण्यांच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामावर छापा पडला, तिथे २६ हजारांवर प्राणी सापडले आणि त्यातले साधारण ८० टक्के आजारी, जखमी किंवा मेलेले होते. दुकानात जो चकचकीत साप दिसतो तो या सगळ्यातून तगलेला असतो, न तगलेले आपल्याला दिसतच नाहीत.

तू म्हणशील, मी फार्ममधला घेणार. इथे बॉल पायथनच्या बाबतीत जरा थांब. टोगो, बेनिन, घाना या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांमधून हे साप वर्षानुवर्षं बाहेर जातायत आणि तिथल्या बऱ्याच "फार्म"मधे होतं असं की अंडी पोटात असलेल्या माद्या किंवा थेट अंडीच जंगलातून, बिळांमधून काढून आणतात, फार्मवर उबवतात आणि पिल्लं निर्यात करतात. कागदावर तो साप फार्ममधे जन्मलेला आणि अंडं मात्र जंगलाचं. २०२० मधे आलेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की जगातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ३५ टक्क्यांहून जास्त जाती ऑनलाइन विकल्या जातात आणि विकल्या जाणाऱ्या प्राण्यांपैकी जवळपास निम्मे जंगलातून आलेले असतात. त्यामुळे "ब्रीडरकडचा आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नकोस, आई-बाप दाखव म्हण, अंडी कधी घातली ते विचार, खाण्याची आणि कात टाकल्याची नोंद माग. खरा ब्रीडर असेल तर या प्रश्नांनी त्याला आनंदच होतो.

आता समज की साप खरोखरच टाकीत जन्मलेला आहे. मग प्रश्न उरतो तो टाकीत त्याचं आयुष्य कसं जातं याचा, आणि माझ्या मते इथेच लोकांची सगळ्यात मोठी फसगत होते. या प्राण्यांचं शरीर स्लो चालतं. ते आपली ऊब स्वतः बनवत नाहीत, बाहेरून घेतात, त्यामुळे त्यांना खाणं कमी लागतं, बॉल पायथन तर महिनोन्‌महिने न खाता राहू शकतो. याच कारणासाठी लोक त्यांना "सोपे पेट" म्हणतात, ना भुंकणार ना फिरायला न्यायचंय, आठवड्या-दोन आठवड्याला एकदा खायला घाला. पण ज्या संथपणामुळे तो सोपा वाटतो त्याच संथपणामुळे त्याचे हालही दिसत नाहीत. चुकीचं तापमान, कमी ओलावा, चुकीचं खाणं असलं की कुत्रा दोन दिवसात आडवा होईल आणि तुम्ही धावत डॉक्टरकडे जाल, साप मात्र वर्षभर हळूहळू ढासळत राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं किती शांत आहे! शिवाय जंगलात आजारी दिसणारा प्राणी आधी खाल्ला जातो म्हणून आजार लपवणं हे त्यांच्या अंगातच असतं. माझ्याकडे आणलेले कित्येक प्राणी "कालपर्यंत एकदम ठीक होता" असं म्हणून आणलेले असतात आणि एक्सरे बघितला की कळतं की महिन्यांपासून ठीक नव्हतं.

म्हणून "जिवंत आहे, खातोय" ही परीक्षाच पुरेशी नाही. ब्रिटनमधे सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांना विचारून २०१५ मधे एक अभ्यास छापला गेला, त्यात घरी आणल्यापासून वर्षाच्या आत मेलेले प्राणी सरासरी ३.६ टक्केच निघाले, हा आकडा पाळणारे लोक नेहमी पुढे करतात आणि तो खोटा नाहीये. पण त्याच अभ्यासात कॅमेलियनचं (रंग बदलणाऱ्या सरड्याचं) प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास होतं, आणि विचारलं होतं ते प्रदर्शनांना येणाऱ्या हौशी, जाणत्या लोकांना, म्हणजे दुकानातून हौसेने सरडा उचलून आणणारं घर त्यात फारसं नसणार. आणि मुख्य म्हणजे तो मृत्यूचा आकडा आहे, बरं जगण्याचा नाही.

बरं जगणं कशाला म्हणायचं? मी असं बघते की त्या प्राण्याला स्वतः निवडता येतंय का. ऊन हवं तर उनात, नको तर गारव्यात, लपायचं तर लपता यावं, चढायचं तर चढता यावं, पूर्ण लांब होता यावं. सापाला छोटी जागाच आवडते, मोठ्या टाकीत तो घाबरतो, असं खूप वर्षं सांगितलं गेलं आणि त्या नावाखाली साप कप्प्याकप्प्यांच्या प्लास्टिकच्या डब्यांमधे ठेवले गेले जिथे तो आयुष्यात कधी सरळ होऊ शकत नाही. पण इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात कॉर्न स्नेकना लहान आणि मोठी अशी दोन्ही घरं देऊन बघितलं तर त्यांनी मोठं घर निवडलं. घाबरतात ते मोकळ्या, आडोसा नसलेल्या जागेला, आडोसे भरपूर असले की मोठी जागा वापरतात. आणि बॉल पायथन फक्त बिळात बसून असतो हेही अर्धवट आहे, जंगलातले लहान पायथन, त्यातही नर, बरेच पक्षी खातात, म्हणजे झाडावर चढतात. मग घरात त्याला एक जाड फांदी तरी द्यायला नको का?

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नवीन पिल्लू विकत घेतलंस तर त्या सापाचा फायदा झाला असं मी म्हणणार नाही, फार तर तू त्याचं नुकसान होऊ दिलं नाहीस असं म्हणेन, आणि तेवढं करायलाही खूप मेहनत लागते. पण तुला खरंच सापासाठी काही करायचं असेल तर ज्याला कोणीतरी सोडून दिलंय असा मोठा साप घे. लोक वीस-तीस वर्षं जगणारा प्राणी आणतात आणि तीन-चार वर्षात कंटाळतात, रेस्क्यू सेंटर अशा सापांनी भरलेली असतात. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणीसंग्रहालयात एक बॉल पायथन आहे जिला १९६१ मधे एका खाजगी मालकाने दिलं होतं, २०२० मधे, किमान बासष्टाव्या वर्षी, तिने अंडी घातली! तू आज पिल्लू आणलंस तर ते किती लांबची जबाबदारी आहे याचा विचार कर. सोडून दिलेल्या सापाला मात्र छोट्या डब्यातून मोठ्या, नीट उबेच्या घरात आणलंस तर त्याचा निखळ फायदा आहे, तिथे मी मैत्रिणीलाही सांगेन की याला पाळू दे. (आधी तुमच्याकडचा कायदा नीट बघून घे, कित्येक देशांत काही जाती, विशेषतः तिथल्याच जंगलातल्या, पाळणं हा गुन्हा आहे.)

प्रश्न: मॅडम, मुलीच्या हट्टापायी लाल कानाचं छोटंसं कासव आणलं. काचेच्या बाऊलमधे ठेवलंय, सुकवलेले झिंगे खातं, खिडकीत ठेवतो म्हणजे ऊन मिळतं. मजेत आहे, पण पाठ थोडी दाबली जाते आणि डोळे सुजल्यासारखे वाटतात. नीट जपता आलं नाही तर जवळच्या तळ्यात सोडावं का, तिथे ते जास्त सुखी राहील ना?

उत्तर: आधी हे, उद्या नाही आजच त्याला सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरकडे न्या. पाठ दाबली जाणं म्हणजे कवचात कॅल्शियम भरत नाहीये. कासवाला अन्नातलं कॅल्शियम शोषायला डी३ जीवनसत्त्व लागतं आणि ते त्याच्या कातडीत बनतं उन्हातल्या यूव्हीबी किरणांमुळे. खिडकीची काच नेमके हेच किरण अडवते, म्हणजे ऊन दिसतं, ऊब लागते, पण कामाचं जे ते आत येतच नाही, उलट काचेच्या बाऊलमधलं पाणी उन्हाने तापून ते भाजून निघू शकतं. शरीराला कॅल्शियम कमी पडलं की ते स्वतःच्याच हाडातून आणि कवचातून ओढून घेतं. डोळे सुजणं बहुतेकदा ए जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं असतं, नुसते सुके झिंगे खाल्ल्याचा परिणाम. दोन्ही लवकर पकडलं तर सुधारतं, उशीर झाला तर कवचाचा आकार कायमचा बिघडतो.

त्याला लागतं काय तर पोहता येईल एवढं खोल आणि फिल्टर असलेलं पाणी, पूर्ण कोरडं होऊन बसता येईल असा कट्टा, कट्ट्यावर ऊब देणारा दिवा आणि यूव्हीबीचा वेगळा दिवा, जो चालू दिसत असला तरी त्याचे किरण हळूहळू कमी होतात म्हणून सहा महिने ते वर्षभरात बदलायचा. खाण्यात कासवांसाठीचे चांगले पेलेट आणि मोठं होईल तसा पालेभाजीचा वाटा वाढवायचा. आणि हे आज मुठीत मावणारं कासव मोठं झालं की २५-३० सेंटीमीटर होतं आणि सहज वीस-तीस वर्षं जगतं, मुलीचं शिक्षण संपून ती घराबाहेर पडेल तेव्हाही ते असणार आहे. तुमच्यावर चिडून लिहीत नाहीये, तुम्हाला विकताना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

तळ्यात सोडायचं मात्र अजिबात, अजिबात नाही. या कासवाचं मूळ घर अमेरिकेत आहे, पण लोकांनी असं प्रेमाने सोडून सोडून ते जगभर पसरलंय, जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे, युरोपियन युनियनने त्याची आयात १९९७ मधेच बंद केली. ते तळ्यातल्या मूळच्या कासवांची उन्हात बसायची जागा आणि खाणं बळकावतं. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समधे पाळलेले बर्मीज अजगर सुटले आणि सोडले गेले त्याचं काय झालं माहितीये का, २०१२ च्या अभ्यासात तिथल्या रकून आणि ओपॉसम या छोट्या सस्तन प्राण्यांच्या नोंदी ९८-९९ टक्क्यांनी घटलेल्या निघाल्या. आणि आता त्या अजगरांना तिथे शोधून शोधून मारावं लागतंय, त्यांचा तरी काय दोष? तुम्हाला झेपत नसेल तर रेस्क्यू सेंटरला द्या, त्यात कमीपणा काहीच नाही. मुलीला कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवायला लावा, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूचा धोका असतो, पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर हात लावूच देऊ नका.

प्रश्न: माझ्याकडे दोन बिअर्डेड ड्रॅगन आहेत, एकत्रच ठेवलेत. एकमेकांच्या अंगावर झोपतात, एक तर माझ्या खांद्यावर निवांत बसतो आणि मला बघून हात हलवून टाटा करतो! हे सुखी असल्याचंच लक्षण ना? लोक उगाच म्हणतात सरड्यांना भावना नसतात.

उत्तर: भावना नसतात असं म्हणणाऱ्यांशी मीही सहमत नाही. पण आपण त्यांच्या हालचाली आपल्या भाषेत वाचतो तिथे गडबड होते, आणि तुमच्याकडे तेच होतंय, म्हणून थोडं कठोर वाटलं तरी ऐका. हात हळूच गोल फिरवणं म्हणजे ड्रॅगनच्या भाषेत "मी लहान आहे, मला मारू नकोस". तो शरण आल्याची खूण देतोय, कधी तुम्हाला कधी दुसऱ्या ड्रॅगनला. आणि अंगावर झोपणं ही मिठी नाहीये, वरचा खालच्याची ऊब आणि दिव्याचा उजेड अडवतोय. खालचा वाढीला मागे असेल बघा, किंवा शेपटीचं टोक, बोटं चावलेली असतील. त्यांना आजच वेगळं करा, आणि एकमेकांना दिसणार नाहीत असं ठेवा, कारण सतत समोर प्रतिस्पर्धी दिसणं हाही ताणच आहे. प्रत्येकाला बसायची एक जागा साधारण ४० अंशांची आणि दुसरं टोक २५ अंशांच्या आसपास हवं.

तुमच्या खांद्यावर तो निवांत बसतो, ते चांगलंच आहे, म्हणजे तो तुम्हाला घाबरत नाही. घाबरणं थांबणं ही मोठी गोष्ट आहे, तिला प्रेम म्हटलं नाही तरी तिची किंमत कमी होत नाही. दाढी काळी पडली, तोंड उघडून फुगला, सारखा काचेवर नखं घासत राहिला तर मात्र काहीतरी खुपतंय. काचेवर धडपडणं हे मला पत्रांमधे सगळ्यात जास्त "खेळतोय" म्हणून लिहिलेलं दिसतं आणि ते वाचून वाईट वाटतं.

प्रश्न: मी ब्रीडर आहे. तुमच्यासारखे लोक आम्हाला खलनायक करतात. क्रेस्टेड गेको (पालीच्या कुळातला प्राणी) संपलाच असं वाटत होतं, १९९४ मधे पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर पुन्हा सापडला आणि आज आमच्यासारख्यांमुळे जगभर लाखोंनी आहे. हा त्या जातीचा फायदा नाही का?

उत्तर: खलनायक नाही म्हणत, चांगल्या ब्रीडरमुळे जंगलातून पकडण्यावरचा भार कमी होतो हे मान्य आहे. पण टाकीतले लाखो गेको न्यू कॅलेडोनियातल्या जंगलातल्या गेकोच्या कामाचे कसे? तिथे मुंग्या, उंदीर, जंगलतोड हे त्याचे शत्रू आहेत, त्यावर आपल्या घरातल्या टाकीचा काही परिणाम होत नाही. आणि रंगांसाठी मिसळून मिसळून वाढवलेले प्राणी परत सोडताही येत नाहीत.

जातीला वाचवणारं प्रजनन कसं दिसतं त्याचं उदाहरण पॅसिफिकमधल्या गॅलापागोस बेटांचं आहे. एस्पान्योला बेटावर महाकाय कासवं उरली होती फक्त १४, बारा माद्या आणि दोन नर. त्यांना एकत्र आणलं, सॅन दिएगोच्या प्राणीसंग्रहालयातला दिएगो नावाचा नर परत आणला, पिल्लं वाढवून बेटावर सोडत गेले, साधारण दोन हजार झाली, आणि २०२० मधे कार्यक्रम बंद करून दिएगोलाही त्याच्या बेटावर परत सोडलं. बेटावरच्या बकऱ्या हटवल्या, निवडुंग परत वाढवला, वंशावळ सांभाळली आणि शेवटी पिंजरा रिकामा केला. तुमचं प्रजनन कितीही प्रामाणिक असलं तरी त्याचा शेवट विक्रीत होतो, ते वेगळं काम आहे, त्याला संवर्धन म्हणू नका एवढंच म्हणणं आहे.

आणि मॉर्फचं, म्हणजे रंग-नक्षीसाठी मुद्दाम वाढवलेल्या वाणांचं काय? स्पायडर मॉर्फचा बॉल पायथन डोकं डुगडुगवतो, उलटा होतो, भक्ष्यावर झेप चुकते, त्याच्या आतल्या कानाच्या रचनेत दोष असल्याचं स्कॅनमधे दिसलंय. लेमन फ्रॉस्ट रंगाच्या लेपर्ड गेकोंमधे ज्या जीनमुळे तो सुंदर पांढरा-पिवळा रंग येतो त्याच जीनमुळे बहुतेकांना कातडीच्या गाठी होतात. खवलेच नसलेले ड्रॅगन विकतात लोक! हे तुम्ही थांबवू शकता, मी नाही. तुमच्या पुढच्या पत्रात तुम्ही कुठले मॉर्फ वाढवायचं बंद केलंत ते कळवा, मी आनंदाने छापेन.

प्रश्न: साप-कासवांना कंटाळा येतो का हो?

उत्तर: येतो असंच मी मानते. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणीसंग्रहालयात एक म्हातारं नाईल सॉफ्टशेल कासव होतं, पिगफेस नावाचं, ते स्वतःचीच मान आणि पाय नखांनी ओरबाडायचं. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक गॉर्डन बर्गहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या टाकीत चेंडू, काठ्या, रिंग टाकल्या, तर ते त्यांच्याशी तासन्‌तास खेळायला लागलं आणि स्वतःला ओरबाडणं कमी झालं. दुसरीकडे संशोधक अॅना विल्किन्सन यांच्या अभ्यासात लाल पायाच्या कासवांनी दुसऱ्या कासवाला बघून अडथळा वळसा घालून ओलांडायचं शिकून घेतलं, आणि ही कासवं तशी एकटी राहणारी. जो बघून शिकतो त्याला बघायला काहीच नसलं तर काय वाटत असेल?

प्रश्न: साप-सरडे पाळण्याबद्दलचं तुमचं आधीचं उत्तर वाचून वाईट वाटलं. माझ्याकडे दोन लेपर्ड गेको आहेत, वेगवेगळ्या टाकीत. आता ते पाळणंच चूक वाटतंय. देऊन टाकू का?

उत्तर: नका देऊ. ते तुमच्याकडे आहेत, वेगळे आहेत, तुम्हाला काळजी आहे, यापेक्षा बरं घर त्यांना सहज मिळणार नाही. पुढे नवीन घेऊ नका, आणि आहेत त्यांचं घर सुधारा. टाकीची एक बाजू ३२ अंशांच्या आसपास, दुसरी गार, दोन्हीकडे लपायला जागा, मधे एक ओलसर कोनाडा ज्यात कात नीट निघेल, नाहीतर बोटांवर कात अडकून बोटं झडतात. हीट रॉक (विजेवर तापणारा दगड) वापरत असाल तर आजच काढा, भाजतं आणि त्यांना वेळेत कळत नाही. गरम करायच्या प्रत्येक गोष्टीला थर्मोस्टॅट लावा. ते संध्याकाळी बाहेर पडतात म्हणून यूव्हीबी नको असं सांगतात, पण कमी ताकदीचा दिवा दिला आणि सावली ठेवली की तेही तो वापरतात. किडे वाटीत न देता अधूनमधून सोडून द्या, पकडू देत त्यांना, आणि देण्याआधी किड्यांना कॅल्शियमची पावडर लावा. वर्षातून एकदा विष्ठा तपासून घ्या आणि दर महिन्याला छोट्या वजनकाट्यावर वजन करून तारखेसकट लिहून ठेवा. लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवतो, शेपटी बारीक व्हायला लागली किंवा वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर "खातोय तर खरा" म्हणून वाट बघू नका, डॉक्टरकडे जा आणि ती वही बरोबर घेऊन जा.